पाया वर, छत खाली

मिस्त्रींनी उभा जन्म दुसऱ्यांची घरं बांधण्यात घातला आणि स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. शिंप्याचा सदरा उसवलेलाच असायचा, म्हणत ते हसत. वाईट वाटलं ते गुडघ्यांनी दगा दिल्यावर. बांबूंच्या परांचीवर चढणं बंद झालं, थापी माळ्यावर गेली, आणि घरात बसलेल्या गवंड्याचं करायचं काय, हा प्रश्न त्यांच्या बायकोपुढे येऊन उभा राहिला.

"सकाळपासून भिंतीकडे बघत बसतात," ती जिन्यात भेटेल त्याला सांगे, "आणि दुपारी म्हणतात, ही ओळंब्यात नाही. आता भाड्याची भिंत ती. वाकडी असली तर घरमालकाची वाकडी!"

ओळंब्यात असणं म्हणजे सरळसोट उभं असणं. वरून सोडलेल्या दोरीच्या टोकाचं वजन कुठेही भिंतीला न घासता, न सोडता खाली यायला हवं. मिस्त्रींच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती नव्हती. लग्न ठरवायला जावयाला पहिल्यांदा भेटून आले तेव्हाही ते एवढंच बोलले होते, "पोरगा ओळंब्यात आहे."

लेकीला घरात कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. लहानपणी ती वाळूच्या ढिगावरून चिमूट चिमूट वाळू उचलून दुसरीकडे नेत बसायची, तेव्हापासून ती मुंगी. आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला, म्हणून शाळा सुटली की मुंगी बापाच्या कामावर यायची. मिस्त्रींना तेव्हा अक्षर म्हणजे काळी म्हैस. पोरीने एकदा ओल्या गिलाव्यावर खिळ्याने शाळेत शिकलेलं पहिलं अक्षर कोरलं आणि म्हणाली, "बाबा, वाचा." मिस्त्री म्हणाले, "मला काय येतंय." ती म्हणाली, "मग म्हणा माझ्यामागून." तेव्हापासून तो नेमच पडला. पोर रोज नव्या भिंतीवर अक्षर कोरी, बाप ते म्हणून दाखवी, आणि मालक यायच्या आत त्यावरून थापी फिरवून भिंत गुळगुळीत करून टाकी. असं करत मिस्त्री वाचायला शिकले. सावकाश वाचत, ओठ हलवत, पण वाचत.

मोठी होऊन मुंगी नोकरीसाठी लांब गेली, तिकडेच तिचं लग्न झालं. जाताना आपला जुना कॉम्प्युटर बापासाठी ठेवून गेली, आणि त्यात एक खेळ. दगड फोडायचे, लाकूड तोडायचं, आणि माळरानावर एक अख्खी वस्ती उभी करायची. मिस्त्रींनी आधी नाक मुरडलं. पण हातात सिमेंट नाही, गुडघ्यात कळ नाही आणि भिंत आपली चढते आहे, हे पाहिल्यावर त्यांना खुर्चीतून उठवायला बायकोला पंखा बंद करावा लागे.

खरी गंमत पुढेच होती. सुट्टीच्या दिवशी मुंगी तिकडून आणि मिस्त्री इकडून एकाच माळरानावर उतरत. फोनवर या दोघांचं बोलणं कधी तीन वाक्यांपुढे गेलं नव्हतं. जेवलात का, तब्येत बरी, आईला देते. पण कानाला हेडफोन लावून दोघं एकच भिंत रचायला लागले, की बोलणं थांबता थांबत नसे. हात कामात असले की जीभ मोकळी होते, हे कुठल्याही गवंड्याला विचारा.

आणि आता मुंगीला दिवस गेले होते. शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांनी तिला अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलं. ती पडल्या पडल्या खेळे. जावयाने आणि त्याच्या मित्रांनी एक नवं जग उघडलं होतं, त्यात तिने घर बांधायला घेतलं होतं.

"बाबा, भिंती झाल्या," ती फोनवर म्हणाली. "रविवारी छत घालायचंय. सोमवारी मला दवाखान्यात भरती करणार, तिथे कॉम्प्युटर नेता येत नाही. आणि बाळ झाल्यावर मला कुठली सवड. छत तुमच्या हातचं पाहिजे."

"येतो की."

"फक्त या जगाला मॉड लागतात हां. जमेल? का यांना सांगू तुम्हाला फोन करायला?"

जावई बिचारा नोकरी सांभाळून स्वयंपाक करत होता आणि रात्री बायकोचे पाय चेपत होता, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. "त्यांना कशाला त्रास? जमलंच समज," ते म्हणाले. मॉड हे खायचं असतं की ल्यायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

मुंगीने पाठवलेल्या पत्त्यावरून ते त्या नव्या जगाच्या दाराशी गेले. पडद्यावर काही तरी सूचना आली आणि मिस्त्रींचे ओठ दुसऱ्या शब्दापर्यंत पोचायच्या आत निघून गेली. पुन्हा गेले, पुन्हा तेच. दर खेपेला दोन-दोन शब्द वेचत त्यांनी ती सूचना पुरी केली: या जगात लागणारे मॉड तुमच्याकडे नाहीत, प्रवेश नाही.

"दारातून हाकलतात आणि का हाकललं तेही धड वाचू देत नाहीत," मिस्त्री बायकोला म्हणाले.

तळमजल्यावर फोटोवाल्या बाईंचं दुकान होतं. ओळखपत्राचे फोटो काढणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकांना दिवसभर "हसू नका, हसू नका" म्हणून दटावायचं आणि स्वतः मात्र सातमजली हसायचं, अशी बाई. दुपारी दुकान रिकामं असलं की त्या कॉम्प्युटरवर खेळत, हे साऱ्या इमारतीला माहीत होतं. बायकोने सांगितलं, "त्यांना विचारा." मिस्त्री म्हणाले, "बघू. आधी मी करून बघतो." गवंड्याचा मान तो, दुसऱ्याकडे थापी मागायला जड जातं.

मुंगीने लागणाऱ्या मॉडच्या यादीचा फोटो पाठवला होता. मिस्त्रींनी एकेक नाव शोधून फायली उतरवल्या आणि सरळ खेळाच्या फोल्डरमध्ये नेऊन ओतल्या. संगणकाने विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू? जुन्या विटेच्या जागी नवी वीट मिळत असेल तर नाही कोण म्हणेल? मिस्त्री प्रत्येक वेळी हो म्हणत गेले. मग खेळ उघडायला गेले तर तो उघडेचना. आपलं जुनं माळरानही गेलं, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मानबीन गुंडाळून ते गुडघे धरत जिना उतरले.

फोटोवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मिस्त्री, तुम्ही चक्क मूळ भिंत फोडून तिच्यात नव्या विटा कोंबल्यात."

"मग कसं करायचं असतं?"

"मॉड म्हणजे मूळ खेळावर कुणीतरी चढवलेला गिलावा. कुणाला रंग आवडत नाही तो रंग बदलतो, कुणाला दारं कमी वाटतात तो दारं वाढवतो. जगभरची माणसं करतात, हौसेनं. पण मूळ फायलींना हात लावायचा नाही. त्यासाठी मॉड मॅनेजर असतो. तो हे सगळं बाजूला, आपल्या वेगळ्या खोलीत ठेवतो आणि खेळ सुरू होताना वरून चढवतो. नको झालं की उतरवतो. खाली भिंत होती तशी."

"म्हणजे परांची!" मिस्त्रींचा चेहरा उजळला. "इमारतीला बाहेरून बांधायची, इमारतीत खिळा मारायचा नाही."

"अगदी."

मिस्त्रींचं जुनं माळरान वेगळ्या जागी जपलेलं असतं, ते गेलेलं नाही, असं सांगून बाईंनी आधी त्यांचा जीव भांड्यात पाडला. मग मूळ खेळ नव्याने बसवायला सांगितला आणि आपल्या पडद्यावर दोन-तीन मॅनेजर उघडून दाखवले. एकात चित्रंच चित्रं, शंभर खेळांची दुकानं आणि कोपऱ्यात काहीतरी सारखं लुकलुकत असलेलं. दुसरा भक्कम होता, पण त्यात एवढी बटणं होती की मिस्त्रींना पहिल्यांदा क्रेनच्या केबिनमध्ये डोकावल्याची आठवण झाली. तिसरा अगदी साधा. डावीकडे मॉडची नावं, प्रत्येक नावासमोर चालू-बंद करायची कळ.

"हा तुमच्या खेळाला ओळखतो. मागच्या आठवड्यातच त्यात दुरुस्ती झाली आहे, म्हणजे कुणीतरी अजून त्याच्याकडे बघतंय. पण निवडा तुम्ही. वापरायचाय तुम्हाला."

मिस्त्रींनी लुकलुकणाऱ्याकडे पाहिलं, केबिनकडे पाहिलं. "परांची किती उंच आहे ते आम्ही बघत नाही, बाई. काम झाल्यावर उतरते कशी ते बघतो. उतरताना भिंतीचा टवका नेणारी परांची माझ्या कामाची नाही. यातला कुठला नीट उतरतो?"

"तो साधा. कळ बंद केली की मागमूस राहत नाही."

"मग तोच."

एवढ्यात एक गिऱ्हाईक फोटो काढायला आलं आणि बाई "हसू नका" म्हणायला उठल्या.

घरी येऊन मिस्त्रींनी खेळ नव्याने बसवला, मग मॅनेजर. मॉड त्यातूनच शोधता येत होते, फायली ओतायची भानगड नव्हती. बायकोने शेजारी बसून मोबाईलवरची यादी वाचायची आणि त्यांनी नाव शोधून बसवायचं. सगळे बसले. जुन्या माळरानात एकदा डोकावून ते तिथेच आहे याची खात्रीही झाली. मग मिस्त्रींनी आपल्या पडद्यावरची यादी निरखून पाहिली आणि भुवई उंचावली.

"अगं, पोरीने हे काय लिहिलंय?"

"काय झालं?"

"सगळ्यात वर लिहिलंय 'पाया'. खाली वाचलं तर लिहिलंय, बाकीचे सगळे मॉड या पायावर उभे राहतात. मग तो वर कसा? वर 'पाया' आणि तळाला 'कौलं आणि छप्पर'. असं घर उभं राहील?"

"ती इंजिनियर आहे. तिला कळत असेल."

"ऑफिसात बसून इंजिनियर. तिने वीट कधी लावली? पडल्या पडल्या लिहिलं असेल बिचारीने, फोन उलटा धरून." आणि मिस्त्रींनी प्रेमाने, लेकीची चूक कुणाला न सांगता पोटात घालावी तशी, ती यादी उलटी केली. मॅनेजरमध्ये नाव धरून वरखाली सरकवता येत होतं. छप्पर वर नेलं, पाया अगदी तळाला ठेवला. मग मागे सरून पाहिलं. आता कसं, डोळ्यांना बरं वाटलं.

खेळ सुरू केला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

शनिवार त्यातच गेला. बंद करून पुन्हा लावलं. एकेक कळ बंद केली, एकेक चालू केली. पाया आणखी खाली जाऊ शकत नव्हता, नाहीतर तेही केलं असतं. बायकोने जेवायला हाका मारल्या, मग ताट आणून शेजारी ठेवलं, मग झाकून ठेवलं. संध्याकाळी मुंगीचा फोन आला.

"बाबा, आलात का जगात? दिसलं का तुम्हाला?"

"काय दिसलं?"

"मग आलाच नाहीत अजून," ती हसली, पण हसण्यात दम नव्हता. "उद्या या म्हणजे झालं. नक्की ना?"

"नक्की," म्हणून मिस्त्रींनी फोन ठेवला आणि ते पुन्हा पडद्यासमोर बसले. मिळेल तिथे काम केलं, मागेल त्याचं घर बांधलं, आणि पोटच्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा एक छत मागितलं तर दारातच अडकून पडलो. बायकोने ओळखलं. रविवारी सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आत ती खाली जाऊन फोटोवाल्या बाईंना घेऊन आली.

बाई वर आल्या, खुर्चीत बसल्या, यादी पाहिली. आधी खांदे हलले. मग पोट हललं. मग इतक्या जोरात हसल्या की मिस्त्रींच्या बायकोने दार लावून घेतलं.

"वहिनी, यांनी घर उलटं बांधलंय!"

"उलटं?" मिस्त्री दुखावले. "पाया खाली आहे, छप्पर वर आहे. सुलटं कसं असतं ते सांगा."

"मुलीने कसं दिलं होतं?"

"तिची चूक झाली होती. मी सुधारली."

हे ऐकून बाईंना पदराने डोळे पुसावे लागले. "मिस्त्री, भिंत खालून वर वाचतात, हे मला मान्य. पण ही भिंत नाही, ही रांग आहे. जो वर, तो पुढे. तो आधी आत शिरतो. सांगा, कामावर पहिल्या दिवशी आधी काय येतं? कौलं?"

"छे. पाणी. मग वाळू, खडी, सिमेंट."

"आणि कौलांचा ट्रक आधी आला तर?"

"परत पाठवावा लागतो. ठेवणार कुठे?" मिस्त्री बोलता बोलता थांबले. त्यांनी यादीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "म्हणजे कालपासून मी कौलांचा ट्रक आणून उभा केलाय, आणि खाली पाया खोदलाच नाही."

"आणि ती ऑफिसातली इंजिनियर?" बायको म्हणाली. "फोन उलटा धरला होता ना तिने?"

"अगं, आता पुरे."

"मी काही बोलले? मी फक्त विचारलं."

मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने पाया धरला आणि वर नेला. मनाला पटलं होतं तरी तो वर सरकताना बघवेना, इतकी हाताची सवय वाईट. त्याच्यामागे दगड, मग भिंती, मग दारं, सगळ्यात शेवटी छप्पर. खेळ सुरू केला. पडदा काळा झाला, आणि मग हळूहळू उजाडलं. कोपऱ्यात एक सूचना आली आणि ओठ हलायच्या आत गेली.

"ही अशीच पळते," मिस्त्री म्हणाले. "तिकडे ती काही लिहील, मला कळायचं नाही."

बाईंनी मॅनेजरमध्ये काही तरी शोधलं. "यालाही एक मॉड आहे बघा. सूचना थांबवून धरतो. तुम्ही कळ दाबेपर्यंत ती हलत नाही, आणि अक्षरंही मोठी होतात."

"तिच्या यादीत नाही तो. दारातून पुन्हा हाकलतील."

"हा फक्त तुमच्या डोळ्यांपुरता. चष्म्यासारखा. दारावरच्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. आणि नडला तर कळ आहेच, उतरवा." त्यांनी तो बसवला. त्याच्याखाली बनवणाऱ्याने एक ओळ लिहिली होती. मिस्त्रींनी ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचली. सावकाश वाचणाऱ्यांसाठी.

"याने आपल्याला कुठे बघितलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुठेच नाही."

"कोण आहे हा?"

"कुणास ठाऊक. असेल कुठेतरी."

"त्याला कुणी सांगितलं होतं करायला?"

"कुणी नाही. असतात अशी माणसं," फोटोवाल्या बाई उठत म्हणाल्या. "चला, शटर उघडते. छत घाला, आणि पडू नका."

मिस्त्री बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. त्यांनीही न पाहिलेल्या माणसांसाठी घरं बांधली होती. बांधून झालं की थापी धुवायची आणि निघायचं. त्या घरांत कोण निजलं, कोण जन्मलं, कधी कळलं नाही. आज कुणा न पाहिलेल्या माणसाने त्यांच्यासाठी बांधलं होतं, आणि अशा घरात ते पहिल्यांदाच आत आले होते.

दुपारी ठरल्या वेळी ते दाराशी गेले. सूचना आली आणि यावेळी शहाण्या मुलासारखी उभी राहिली. 'स्वागत. जागा तयार आहे.' मिस्त्रींनी पुरी वाचली, मग कळ दाबली.

टेकडीवर घर होतं. छप्पर नसलेलं, चारी भिंती उभ्या. दारात मुंगी, हातात कुदळ.

"बाबा! आलात!"

"आलो. कसं वाटतंय तुला?"

"पाय सुजलेत, बाकी राणी आहे मी. आत या आधी."

मिस्त्री आत गेले. भिंतींना नुकताच गिलावा केल्यासारखा ओलसर करडा रंग होता, आणि त्यावर खिळ्याने कोरल्यासारखी अक्षरं होती. पहिलं, दुसरं, तिसरं. दाराशेजारून सुरू होऊन चारी भिंतींवरून फिरून पुन्हा दारापर्यंत आलेली, सगळी मुळाक्षरं. एका लहान मुलीच्या वळणाची, थोडी कलती.

"भिंतीवर लिहायचा मॉड आहे," मुंगी म्हणाली. "तो नसेल तर भिंत कोरी दिसते. म्हणून म्हटलं, तुम्ही मॉड घालूनच या. बाळाला इथेच शिकवायचं, तुम्ही."

हेडफोनमध्ये तिकडच्या पंख्याचा आवाज येत होता. त्यांच्या हातात खेळातली थापी होती, आणि जुन्या सवयीने ती पहिल्या अक्षराकडे गेली. मालक यायच्या आत. मग त्यांच्या लक्षात आलं की या घराला दुसरा मालक नाही, कुणी येणार नाही. त्यांनी थापी खाली ठेवली.

"वाचा ना," मुंगी म्हणाली.

मिस्त्रींनी वाचलं. मोठ्याने, एकेक करून, दारापासून दारापर्यंत. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मग दोघं वर चढली. वर गुडघे दुखत नव्हते. मुंगी वासे देत गेली, मिस्त्री बसवत गेले, शेवटचं कौल त्यांनी तिच्याकडून लावून घेतलं. सारा वेळ बोलणं चाललं होतं. काय बोलले ते बायकोने विचारलं तर सांगता आलं नसतं. असंच, काम करताना बोलतात तसं.

संध्याकाळी मुंगी गेली, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत सूचना उभी राहिली: 'मुंगी हे जग सोडून गेली.'

मागून बायकोने वाचलं आणि किंचाळली. "अहो! शुभ बोल म्हणावं त्याला!"

मिस्त्रींनी घाईघाईने कळ दाबली आणि कितीतरी दिवसांनी खदखदून हसले.

गुरुवारी जावयाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. बायको रडत हसत शेजारपाजारी सांगायला गेली. मिस्त्री आधी खाली गेले, फोटोवाल्या बाईंना सांगितलं आणि त्यांनी "आता हसा!" म्हणून काढलेला फोटो घेऊन वर आले. मग कॉम्प्युटर लावून त्यांनी मॅनेजर उघडला. सूचना थांबवून धरणाऱ्या मॉडच्या पानावर तळाशी चार शब्द लिहायला जागा होती. बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं आणि पाठवलं.

बायको आली तेव्हा पडद्यावर वाकून तिने वाचलं: 'भाऊ, तुमचं काम ओळंब्यात आहे.'

"एवढंच?" ती म्हणाली. "त्याला काय कळणार?"

"कळेल," मिस्त्री म्हणाले. "काम करणारा आहे तो."